रेघ मारून छोटी सही

सदर इसम पुरुष, वय सत्तावन्न, बांधा मध्यम, चष्मा आहे, टक्कल अंशतः. हुद्दा: आवक-जावक कारकून. ओळखीची खूण: उजव्या हाताच्या मधल्या बोटाला पेन धरून पडलेला घट्टा. वर्तणूक समाधानकारक. छंद: निरंक. कला: निरंक. शाळेत असताना एक घोडा काढल्याची नोंद आढळते. परंतु मास्तरांनी त्याखाली 'टेबल बरं आहे' असा शेरा दिल्यामुळे सदर घोडा ग्राह्य धरता येत नाही.

कचेरीत त्याला 'छोटी सही' म्हणत. कागदावर चूक झाली तर ती गिरवायची नाही, खरवडायची नाही, तिच्यावर पांढरा रंग फासायचा नाही. खालचं वाचता येईल अशी एकच आडवी रेघ मारायची आणि शेजारी छोटी सही करायची, हा नियम तिथे सगळ्यांनाच होता. पाळणारा हा एकटा. घरच्या किराणा मालाच्या यादीतही यांनी साबण खोडून बाजूला सही केली, हे त्याची बायको पाहुण्यांना सांगायची आणि सांगता सांगता हसायची. तिचं हसू डावीकडून सुरू व्हायचं. ओठाचं डावं टोक आधी वर जायचं, उजवं मागाहून, उशिरा कामावर आलेल्या माणसासारखं, कोणाचं लक्ष नाही ना बघत.

गाठ निघाली ती तिच्या डाव्या कानाखालीच.

"काढावी तर लागेलच," डॉक्टर म्हणाले. "चेहरा हलवणारी नस नेमकी तिच्यातून जाते. आम्ही जपूच. पण तोंडाची ही बाजू खाली ओढली जाऊ शकते. आधी सांगितलेलं बरं."

गुरुवारी दाखल व्हायचं ठरलं. मध्ये जेमतेम आठवडा होता. दोघं घरी आली. चपला काढता काढता ती म्हणाली, "माझं एक चित्र काढा."

"फोटो काढू की चांगला."

"फोटोत मी कधी हसलेय? कॅमेरा समोर आला की मी आरोपी दिसते. तुम्ही काढा."

"मी? अगं, मला घोडासुद्धा—"

"घोडा नकोय मला. मी हवीय. नंतर कशी दिसेन ते दिसेन, आत्ताची एक प्रत राहू दे." पुढे ती सहज बोलावं तसं बोलली, "मला नीट पाहिलंय कोणी एवढ्या वर्षांत, तुमच्याशिवाय?"

एवढं ऐकल्यावर नाही म्हणायला माणूस दगडाचा हवा. हा कागदाचा होता.

पेन्सिल त्याच्याकडे नव्हती. पेन्सिलीने लिहिलेलं कचेरीत चालत नाही, म्हणून त्याने ती कधी बाळगलीच नव्हती. खिशात निळं बॉलपेन होतं. ते घेऊन जेवणाच्या सुट्टीत त्याने नाक्यावरचा पाट्या रंगवणारा पेंटर गाठला.

"पेन काय धरलंय! पळून जाणार आहे का ते?" पेंटर म्हणाला. "सैल सोडा. दाबू नका. बॉलपेनाला फिकट रंग नसतो, साहेब, हात फिकट करायचा. हलक्या रेघा, एकीशेजारी एक, मग त्यांच्यावरून तिरक्या. गडद सगळ्यात शेवटी. आणि टोक पुसा सारखं, नाहीतर शाईचा गोळा नेमका नाकावर पडेल."

"पांढरं कसं काढायचं?"

"ते काढता येत नाही. सोडावं लागतं."

"आणि चुकलं तर?"

"चुकली रेघ पुढच्या रेघांत जिरवायची. कळत नाही कोणाला."

कारकुनाने मान डोलावली, पण आतून तो हबकलाच. चूक झाकायची? तीही कळू न देता?

पहिल्या दिवशी त्याने चहाचा कप काढला. तो बुटासारखा झाला. मग बूट काढला. तो कशासारखाच झाला नाही. मग बायकोला खिडकीशी बसवलं. पहिल्या चित्रात गोळा नाकावरच पडला. दुसऱ्यात कान गालावर उतरला. तिसऱ्यात डोळे बरे जमले, पण ते तिच्या थोरल्या भावाचे होते. सरावाने रेघा हलक्या होत गेल्या. कपाळ जमलं, केसांच्या बटा जमल्या. ओठ तेवढे जमेनात, कारण जे काढायचं ते समोर नव्हतंच. ती हसेनाशी झाली होती.

"जरा हस ना."

"हुकमावर?"

"तसं नाही गं. नेहमीसारखं."

"नेहमीसारखं हसायला नेहमीचे दिवस आहेत का हे?" मग मान वळवून, "कचेरीतून लेखी पाठवा, विचार करीन."

"मान हलवू नकोस!"

"श्वास घेऊ की त्यालाही परवानगी लागेल?"

त्याने तोही कागद बाजूला ठेवला. गुरुवार काही त्यांच्यासाठी थांबणार नव्हता.

बुधवारी संध्याकाळी दवाखान्याची पिशवी दाराशी भरून तयार होती. खिडकीतून येणारा उजेड चालला होता. त्याने नवा कागद घेतला. कपाळ, भुवया, डोळे, नाक. सगळं उतरत गेलं, आणि डोळे या खेपेला तिचेच होते. ओठाचं उजवं टोक झालं. आता डावं टोक. ती हसत नव्हती. आठवणीतूनच काढावं लागणार होतं. त्याने टोक पुसलं, श्वास रोखला. पेंटरने सांगितलेलं सगळं विसरून हाताने पेन करकचून धरलं, आणि रेघ खाली गेली. गडद आणि सरळ, हनुवटीकडे. डॉक्टरांनी बोटाने दाखवली होती तशीच.

तो त्या रेघेकडे बघत राहिला. हात मात्र थांबला नाही. त्याला जे येत होतं ते त्याने केलं. चुकलेल्या टोकावर एक आडवी रेघ मारली, शेजारी छोटी सही केली, खाली तारीख घातली.

मग त्याच्या लक्षात आलं आपण काय करून बसलोय ते.

"बघू," ती म्हणाली.

"नको. बिघडलंय. दुसरं काढतो."

तिने कागद ओढून घेतला. आधी खाली गेलेलं टोक पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला. मग सही पाहिली.

"अहो," ती म्हणाली, "माझ्या तोंडावर?"

"चुकून... सवयीने..."

"तारखेसकट?"

आणि ती हसली. डावं टोक वर गेलं, मागाहून उजवं; खांदे हलायला लागले, डोळ्यांतून पाणी आलं, तरी थांबेना. "साबणासारखं खोडलंत हो मला!"

"हलू नकोस," तो ओरडला. "हल, हल, हसत राहा. कागद दे इकडे!" खोडलेल्या टोकाच्या वर, मोकळ्या राहिलेल्या गालावर, त्याने सैल हाताने एक फिकट रेघ उचलली. टोक पुसलं. दुसरी मारली. उजेड होता तोवर हेच चाललं.

ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली. पट्टी सुटली त्या दिवशी तिने आधी आरसा मागितला, मग ते चित्र. दोन्ही शेजारी शेजारी धरून बराच वेळ पाहिलं आणि चित्र आरशाला टेकवून ठेवलं.

नियमानुसार, आडवी रेघ मारून शेजारी छोटी सही व तारीख घातलेली नोंद रद्द समजण्यात येते. आरशात मात्र तिच्या ओठाचं डावं टोक खालीच राहिलं.