संडासाच्या गॅसवरचा चहा

आमच्या निमोण्याच्या वस्तीवर गोबरगॅस येणार म्हटल्यावर मला आधी आनंद झाला तो चूल सुटणार याचा. फुंकून फुंकून जीव मेटाकुटीला आला होता. पंचायत समितीतले साहेब माहिती द्यायला आले. गोठ्यातली जनावरं बघून टाकी केवढी ते ठरतं म्हणाले, आणि वर, "संडास जोडलात तर अनुदान जास्त मिळेल." मी दाराआडून ऐकत होते. अंधार पडायची वाट बघून ओढ्याकडं जाणं म्हणजे काय असतं, ते त्या साहेबांना काय ठाऊक! मालकांना मी त्याच दिवशी बजावलं, "जोडूनच घ्या. मागं हटायचं न्हाई."

टाकी झाली. गॅस पेटलेला दाखवल्याशिवाय अनुदान हातात पडत नसे, म्हणून साहेब पुन्हा आले. मी शेगडी पेटवली. ती निळी ज्योत बघून मला अगदी भरून आलं. साहेबांनी फोटो काढला, मालकांच्या पाठीवर थाप मारली. मी चहा पुढं केला तर म्हणतात कसे, "नको वहिनी, आत्ताच झाला." आत्ताच! आमच्या वस्तीच्या अलीकडं चहाची टपरी तरी होती का?

तिथंच मला कळायला हवं होतं.

मालक पाटसच्या कारखान्यावर. गाळप सुरू झालं की मुक्काम तिकडंच, घरी येणं सुट्टीपुरतं. घरात मी आन् गोठ्यात जनावरं. आधी आसपासच्या बाया गोवऱ्या थापायला माझ्याच अंगणात यायच्या. हसणं, उणीदुणी, चहा. आता सगळं शेण टाकीत, गोवऱ्या बंद. चहाला बोलावलं तर एकेकीची कारणं. शेवटी एक चुलत जाऊ तोंडावरच बोलली, "नगं बाई, त्या घाणीवरचं आमच्या घशाखाली न्हाई उतरायचं." मी कडाकडा भांडले. "अगं, घाण टाकीत ऱ्हाती, वर येती ती नुसती हवा!" ऐकतंय कोण?

संक्रांतीला हळदीकुंकू केलं. सगळ्या आल्या, वाण घेतलं, आणि मसाल्याचं दूध तसंच ठेवून गेल्या. साय धरलेले पेले मी एकटीनं गोळा केले. तेव्हा रडले नाही, राग आला होता. रडले दुसऱ्या दिवशी, म्हशीची धार काढताना.

मग वरवंडला आईला निरोप धाडला. एकादशीलासुद्धा तिचं चहावाचून पान हलायचं नाही. ती माझ्या हातचा पिईल, मग बायांचीही तोंडं बंद होतील, एवढीच आशा होती. आई आली. मी आधण ठेवलं तशी म्हणाली, "आत्ता नगं गं, पित्त झालंय." आईला आणि चहाचं पित्त! मी शेगडी बंद केली.

दुपारी गोठ्यातून आले तर ती अंगणात तीन दगड मांडून फुंकणीनं जाळ करत होती. दूध-साखर माझ्याच घरातली. माझ्याकडं न बघता तिनं दोन कपांत चहा ओतला. "घे. राग नगं धरू. मला समजतंय गं, पण मन न्हाई घेत, काय करू?"

तो कप तिच्यासमोर उपडा करावा असं वाटलं. पण किती महिन्यांत माझ्यासमोर बसून कुणी चहा प्यायलं नव्हतं. मी खाली बसले. धुरानं डोळे चुरचुरत होते. कप रिकामा केला आणि म्हटलं, "आये, आनखी घोटभर दे."