ओळख पटव, मगच ओटीपी!

सख्ख्या मुलीला मी एकदा चोर ठरवलं आणि त्यात शेजाऱ्याची हळद भिजली.

बायको गेल्यापासून पलूसजवळच्या मळ्यातल्या घरात मी एकटाच. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त, गुडघ्यानं अधू. विहिरीपर्यंत चालवेना म्हणून पुण्याच्या लेकीनं, सुनीनं, उसाची मोटर मोबाईलवरून चालू-बंद करायचं ॲप घालून दिलं. पासवर्ड तिनंच ठरवला, तिनंच लक्षात ठेवला. मला एकच ताकीद : "आण्णा, ओटीपी आला तर कुणाला म्हंजे कुणालाबी सांगायचा न्हाई. लय फसवाफसवी चाललीया."

हुकूम म्हटल्यावर विषयच संपला!

एका सकाळी मोटर चालू केली आणि ॲपनं मला ओळख दाखवायचंच बंद केलं. 'पुन्हा लॉगिन करा.' मोटर तिकडं धो धो चालू आणि मी मालक असून परका! सुनीचा फोन लागेना. मेसेज टाकला. दहा मिनिटांनी अनोळखी नंबरवरून फोन.

"आण्णा, माझा मोबाईल बंद पडलाय, तुमचा मेसेज ऑफिसच्या कॉम्प्युटरवर दिसला. मैत्रिणीच्या फोनवरनं बोलतीया. मोटर हितनं बंद करते. तुमाला ओटीपी आलाय, तेवढा सांगा."

मी सावध झालो. (आवाज सुनीचाच होता. पण चोरांना काय आवाज काढता येत नाहीत?)

"कोण बोलतंय?"

"आवं, मी सुनी!"

"तसं सगळीच म्हणत्यात. आईचं माहेर?"

"रहिमतपूर! आण्णा, पाणी चाललंय तिकडं!"

"ते साऱ्या गावाला ठावं हाय. तुझ्या आईला मी लाडानं काय म्हणायचो?"

पलीकडनं चिडका आवाज : "कवाच कायबी म्हणाला न्हाई! निस्तं 'ऐकलं का?'"

उत्तर बरोबर होतं. इतकं बरोबर, की मला चष्मा पुसावा लागला. मग सहा आकडे वाचून दाखवले.

"आण्णा, मुदत संपली त्याची!"

दुसरा ओटीपी यायच्या आत शेजारचे बाळूतात्या दारात उभे. पोटऱ्यांपर्यंत चिखल, हातात ओली हळकुंडं. मोटरचा फ्यूज त्यांनीच काढून आणला होता.

"हवालदार, तुमच्या उसाचं पाणी माझ्या खळ्यात शिरलंय! शिजवून वाळत घातल्याली हळद हाय ती! पुन्यांदा शिजवताय व्हय माझी?"

पुढचे दोन दिवस तात्यांच्या शिव्या खात मी त्यांची हळद उन्हात उलथीपालथी केली. खरं सांगतो, दिवस बरे गेले. कितीतरी महिन्यांनी कुणीतरी माझ्याशी इतकं बोललं!

रविवारी सुनी आली. ॲपला माझा अंगठा जोडला. पाचदा चुकला तर तिला मेसेज जाईल अशी सोय केली. "आता कुणाला इचारायला नको, आण्णा."

खरंच नको! अंगठा टेकवला की मोटर सुरू. इतकं सोयीचं, की अकरा दिवस फोन वाजला नाही.

बाराव्या दिवशी मी पाच वेळा करंगळी टेकवली.

दोन मिनिटांत फोन! "काय झालं, आण्णा?"

"अंगठा घेत न्हाई गं."

अर्धा तास बोललो. नातवाचा दात, तिची बढती, सगळं कळलं. दोन दिवसांनी पुन्हा करंगळी. तिसऱ्यांदा मात्र ती हळूच म्हणाली, "आण्णा, ह्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची हाय की. सकाळी मोटर कशापायी लावताय?"

मी करंगळी मुठीत लपवली. मग तीच म्हणाली, "रोज सातला फोन करत जाईन मी."

आणि करते! अडचण एवढीच, की रोज सांगण्यासारखं माझ्याकडं काही घडत नाही. काल वांग्याची भाजी कशी करपली, हे पंधरा मिनिटं रंगवून सांगितलं. (भाजी केलीच नव्हती. चहा-खारी खाल्ली होती.)

"आण्णा, कढईचा फोटो पाठवा बघू."

झालं! घाईघाईनं एक वांगं खरंच करपवावं लागलं!