अर्ध्यावर थांबवलेला उपदेश

दाविद पगारे गेल्याचं मला इथं आखातात, रुस्ताकच्या बाजारात कळलं. एका दुकानाचा एसी उघडून बसलो होतो. फोनवर शालिनीवहिनी, त्याची बायको. "भाऊजी, वर्गात बसल्या बसल्याच गेले हे..." सुट्टीवर गेलेला माणूस घरी नव्हताच, चर्चचा पाळक होण्याच्या वर्गात होता. दीड महिना झाला, माझं मन अजून थाऱ्यावर नाही.

आठ वर्षं आम्ही रुवीत एका खोलीत राहिलो, एकाच गाडीतून एसी दुरुस्त करत हिंडलो. मी चिपळूणचा, गणपतीवाला. तो सोलापूरकडचा, मेथडिस्ट ख्रिस्ती मंडळीतला. इथं उपासना शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी. तिथं तो प्रार्थना चालवायचा. पण त्याला रीतसर दीक्षा घेऊन पाळक व्हायचं होतं. त्याला रस्ते दोन. पूर्णवेळ शिकायचं तर नोकरी सोडून, बायकामुलांना घेऊन सेमिनरीच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या कॉलेजच्या, आवारात तीन वर्षं राहायचं. अर्धवेळ म्हणजे इथं काम करत अभ्यास, आणि दरवर्षीच्या सुट्टीत महिनाभर तिकडे वर्ग.

"मोहन, तू सांग, काय करू?" चहा गाळता गाळता त्यानं विचारलं होतं. मी मोठ्या शहाणपणानं म्हणालो, "नोकरी सोडून खाणार काय, पुस्तकं? पोरींच्या शाळा आहेत. अर्धवेळ कर."

"अरे, दोन दगडांवर पाय होतील," तो हसला. पण ऐकलं माझं. तो माझं ऐकायचा, हेच वाईट झालं.

पुढची चार वर्षं त्याची प्रत्येक सुट्टी वर्गात गेली. घरी जेमतेम तीन-चार दिवस. धाकटी आधी दाराआड लपते, हे तो हसत सांगायचा आणि मग वादी अदाईचं वळण मागे पडेपर्यंत खिडकीबाहेर बघायचा... उपदेशाचा सराव गाडीतच चाले. ऐकणारा मी एकटा. पंधरा मिनिटांची मर्यादा होती, वेळ झाली की मी स्टिअरिंगवर टकटक करायचो, "खलास, पाळकसाहेब!" तो लगेच थांबायचा.

मागच्या आठवड्यात रजा काढून वहिनींना भेटून आलो. पोरी शाळेत गेल्या होत्या. चहा पुढे करत त्या रागानं नव्हे, सहजच म्हणाल्या, "पूर्णवेळ गेले असते तर आम्ही तिघी त्यांच्यापाशी असतो, भाऊजी. खोली मिळत होती तिकडे."

जे त्यांना सांगता आलं नाही, ते इथं लिहितो. मला पोरींच्या शाळेची काळजी नव्हती. तो शिकायला गेला असता तर रुवीत मी एकटा पडलो असतो, आणि ते मला नको होतं. माझी सोबत टिकावी म्हणून मी त्यांच्या घरातला माणूस इथं अडकवून ठेवला. याची लाज वाटते, आणि ती कुठं ठेवावी कळत नाही.

सुट्टीवर जाण्याआधीच्या त्याच्या शेवटच्या उपदेशात एक बाप होता, लेकराची वाट बघत रस्त्याकडे डोळे लावून बसलेला. तेवढ्यात मी टकटक केली.

"थोडंच राहिलंय रे."

"खलास. आता आल्यावर."

परवा रुस्ताकला एकटाच निघालो. पाय लांब करता यावेत म्हणून त्यानं मागे सरकवलेली शेजारची सीट तशीच आहे. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट धरून मी म्हणालो, "बोल दाविद... वेळ आहे."