दोन कुलपांचे चाचा

चाचांच्या शर्टाच्या खिशात कधी पेन सापडायचं नाही, पण पँटच्या दोन्ही खिशांत एकेक पितळी कुलूप हमखास असायचं. चालताना ती खुळखुळत. आखातातल्या मुसफ्फ्यात आमच्या वर्कशॉपमध्ये चाचा आले, हे मान वर न करताच कळायचं. ते रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या एका मोहल्ल्यातले. आमची कंपनी सौर ऊर्जेवर चालणारे पाण्याचे पंप बनवायची. लढाईनं मोडलेली गावं पुन्हा वसवणाऱ्या एका संस्थेसाठी हे पंप सोमालियात जायचे. ड्रॉइंग मी काढायचो, तिकडे जाऊन पंप बसवायचे चाचा.

बोअर बहुतेक दोन वस्त्यांच्या मध्ये पडायची, आणि या वस्त्या आदल्या वर्षापर्यंत एकमेकांवर गोळ्या झाडत होत्या. म्हणून चाचा पंपाच्या पेटीला दोन कुलपं लावायचे. एक चावी या वस्तीत, दुसरी त्या वस्तीत. दोघं आल्याशिवाय पेटी उघडायची नाही, आणि पेटी उघडल्याशिवाय पाणी सुरू व्हायचं नाही. "रोज सकाळी एकमेकांचं तोंड बघावं लागतं, साहेब," ते सांगायचे. "पहिला महिना शिव्या देतात. मग विचारतात, काल तू आला नाहीस, तब्येत बरी हाय ना?"

ही अक्कल त्यांनी गावाहून आणली होती. त्यांच्याकडे उरुसाची चादर ठेवायच्या पेटीला दोन कुलपं होती. एक चावी मोहल्ल्यात, दुसरी वाडीतल्या गावकरांच्या घरी. "माझ्या बापानं आणि गावकरांनी जमिनीवरून एकमेकांची डोकी फोडलेली. पण उरुसाला दोघं पेटीपाशी हजर!" हे सांगताना चाचा असे हसायचे, की डोकी फोडणंही उरुसाचाच भाग असावं.

संस्थेच्या फॉर्मवर 'शाश्वत विकास' असा रकाना होता. तो भरताना चाचा मला छळायचे. "म्हणजे काय हो?" मी म्हणायचो, आपण परत आल्यावरही पंप चालू राहणं. "पंपाचं काय घेऊन बसलात? माणसं राहिली पाहिजेत तिथं." मी मान डोलवायचो आणि रकान्यात पंपाच्या वॉरंटीची वर्षं लिहायचो.

मी तसा काटेकोर माणूस. त्याचा मला फार गर्वही होता. एकदा संस्थेची तक्रार आली, की काही दिवस पंप उशिरा सुरू होतो, कारण एक चावीवाला वेळेवर येत नाही. तेव्हा चाचा मुलीच्या निकाहसाठी गावी गेले होते. मी पुढच्या पंपाच्या ड्रॉइंगमधून दुसरं कुलूप काढून टाकलं, एकच चावी, ती दोन वस्त्यांपैकी वरच्या वस्तीकडे द्या असं लिहिलं, खाली सही ठोकली. पाच मिनिटांचं काम. फोन करून चाचांना विचारावं, हे मनात आलं होतं. पण त्यांचं उत्तर मला ठाऊक होतं, म्हणूनच विचारलं नाही.

तो नवा पंप आमच्या दुसऱ्याच टीमनं बसवला. चार महिने तो घड्याळासारखा चालला. मग चावीवाल्यांनी खालच्या वस्तीच्या बायकांना उन्हात ताटकळत ठेवायला सुरुवात केली. एक दिवस दगडफेक झाली, पॅनेल फुटली, एका म्हाताऱ्याचा डोळा गेला. खालची वस्ती शेळ्या-मेंढ्यांसकट उठून निघून गेली. पंप आम्ही महिन्याभरात दुरुस्त केला. ती माणसं काही परत आली नाहीत.

मॅनेजरला कुणाचं तरी नाव हवं होतं. माझी सही फाइलमध्येच होती. ती कुणी उघडण्याआधी चाचा केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, "सर, गाव से फोन करके मैंने बोला था, दूसरा ताला निकालो." फाइल कुणी उघडलीच नाही. आठवड्याभरात त्यांचा व्हिसा कॅन्सल झाला.

जायच्या आदल्या संध्याकाळी ते मोहम्मद बिन झायद सिटीत आमच्या घरी आले. माझ्या मुलीनं विचारलं, "अंकल, व्हेन आर यू कमिंग बॅक?" चाचा म्हणाले, "खलास बेटा. नो कमिंग बॅक." बायकोनं दिलेला चिवडा त्यांनी बॅगेत टाकला. मी लिफ्टपर्यंत सोडायला गेलो. सगळं सांगून टाकायचं असं ठरवलं होतं, पण तोंडून एवढंच निघालं, "चाचा, तुम्ही असं का केलंत?"

"तुमची पोर शाळेत हाय, साहेब. तिघांचे व्हिसे तुमच्या नोकरीवर. मी काय, दोन वर्षांनी जाणारच होतो." मग त्यांचा आवाज खाली गेला. "पण जागा बघायला गेलो तेव्हा त्या खालच्या वस्तीला मी जबान दिली होती, दोन कुलपं लावीन म्हणून. ते आता कुठं असतील, कुणास ठाऊक. तेवढं मात्र वाईट झालं."

लिफ्ट आली. अजूनही मॅनेजरकडे जाता आलं असतं. सकाळच्या विमानाला बारा तास होते. "थांबा, मी खरं सांगतो," एवढंच म्हणायचं होतं. मी त्यांची बॅग उचलून आत ठेवली आणि तळमजल्याचं बटण दाबलं.