होडीला बांधलेलं छत

हे बघा, हसायचं नाही असं आधी कबूल करा, मगच पुढचं सांगतो. आणि आमची सुनंदा चहा ओततेय ना, तिच्याकडे तर बघूही नका. ती आत्तापासूनच पदर तोंडाला लावून उभी आहे.

मी बोईसरला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. मूळचा माणदेशातला, म्हणजे पक्का दुष्काळी. कंपनीत मी काय शिकवतो माहितेय? जड माल उचलताना दोर कसा बांधावा आणि कशाला बांधावा, याचं ट्रेनिंग नव्या लोकांना मीच देतो. हे लक्षात ठेवा, पुढे माझी लाज काढायला उपयोगी पडेल.

तर मध्यंतरी मला खूळ लागलं आणि मी एक कॅम्पर व्हॅन घेतली. म्हणजे जुनी मिनीबसच, पण आत बिछाना, ओटा, छोटासा नळ, सगळा संसार! आणि बाहेरच्या बाजूला गुंडाळून ठेवलेलं कापडी छत, दुकानापुढे असतं तसं. ओढलं की अंगण तयार. फक्त ते छत खिळखिळं होतं. ओढलं रे ओढलं की पुढचा पाईप एका बाजूला मान टाकायचा आणि कापडाची झोळी व्हायची.

सुनंदाला ही गाडी पहिल्या दिवसापासून डोळ्यासमोर नको. शेवटी एकदा तिने निकालच लावला.

"अण्णा येताहेत गावाहून. त्यांना हिच्यातून फिरवून आणू. अण्णा म्हणाले ठेवा, तर ठेवायची. अण्णा म्हणाले काढा, तर विकून टाकायची. कबूल?"

अण्णा म्हणजे माझे सासरे. जन्मभर गावात पिठाची गिरणी चालवली. जे यंत्र दळत नाही ते यंत्रच नव्हे, असं त्यांचं मत. आता बोला! पण कबूल म्हटल्यावाचून सुटका होती का?

रविवारी सकाळी गाडी काढली आणि दांडीच्या खाडीवर गेलो. वर सुरूची झाडं, खाली खाडी. खाडी म्हणजे काय, तर लांबवर नुसती वाळू, चिखल आणि त्यात कलंडून पडलेल्या होड्या. मी गाडी काठावरच्या उंच, टणक जागेवर लावली. हँडब्रेक ओढला, चाकांना दगड लावले. शिस्त म्हणजे शिस्त!

मोठ्या रुबाबात छत ओढलं. त्याने लगेच मान टाकली.

अण्णा खाली उतरले, बघितलं आणि म्हणाले, "जावईबापू, हे छत हाय का पाळणा?"

झालं! माझ्यातला मेंटेनन्सवाला पेटून उठला. पाने काढले, छत गाडीच्या अंगाला धरून ठेवणारे सगळे बोल्ट दात-ओठ खाऊन आवळले. पण पुढच्या पाईपाला टेकू देणाऱ्या पायाचे आटेच गेलेले. म्हटलं हरकत नाही, पाईपाचं टोक दोरीने ओढून धरू. पण दोरी बांधायची कशाला? झाडं सगळी मागच्या बाजूला. समोर काठाखाली एक होडी तेवढी होती. लाकडी, धिप्पाड. ढकलून बघितली, हलेना. लाथ मारून बघितली, माझा अंगठा दुखावला. याहून पक्कं काय हवं?

जवळच एक बाई काठ्यांवर बोंबील वाळत घालत होत्या. हिराबाय त्यांचं नाव.

"काय करतंस रं भाव?"

"मावशी, जरा दोरी बांधतो. होडी तुमचीच ना?"

"आमचीच हाय. बांद. पन दुपारच्याला सोड हां."

"का? कुणी न्यायला येणार आहे?"

"न्याला कोन येल? ती तिची जाते."

आता तुम्हीच सांगा, चिखलात रुतलेली होडी 'तिची ती जाते' म्हटल्यावर शहाण्या माणसाने काय समजायचं? मावशी थट्टा करताहेत! मी हसलो. त्याही हसल्या. होडीचा रंग खरवडायला नको म्हणून मी दोरीखाली टॉवेलची घडी ठेवली, तेव्हा तर त्या पोट धरून हसल्या. मला वाटलं, माझा नीटनेटकेपणा आवडला!

अण्णांनी दोरी ओढून बघितली आणि चक्क शाबासकी दिली. "खुंटा असावा तर असा."

मी सुनंदाकडे बघून मिशीवर हात फिरवला. गाडी वाचली म्हणायची!

मग पिठलं-भाकरी झाली. अण्णा हौसेने खाली फिरून आले आणि धोतर चिखलाने भरवून घेतलं. सुनंदाने ते धुऊन छताच्या पाईपावर पक्की गाठ मारून वाळत टाकलं आणि अण्णांना माझी बर्मुडा दिली. नारळाच्या झाडांची चित्रं असलेली. ती घालून अण्णा सावलीत खुर्चीवर घोरायला लागले. त्यांच्या शेजारी मीही.

जाग आली आणि वर बघतो तर काय! छत नगाऱ्यासारखं ताणलेलं. एक सुरकुती नाही!

"अण्णा, उठा! हे बघा! गाठ कशी बसत बसत घट्ट होते. याला म्हणतात बांधणी!"

अण्णांनी एक डोळा उघडला. "पण ते वर का चाललंय?"

"ताण येतोय अण्णा, ताण."

तेवढ्यात सुनंदा म्हणाली, "अहो, ती होडी मघाशी आडवी होती ना?"

"आडवीच आहे," म्हणत मी वळलो. होडी ताठ उभी होती. उभी कसली, डुलत होती! आणि खाली चिखल होता तिथे पाणी. इकडे पाणी, तिकडे पाणी, जिकडे बघावं तिकडे पाणी!

तुम्ही म्हणाल, इतकी वर्षं बोईसरला राहून भरती ठाऊक नाही? ठाऊक आहे हो! पण ठाऊक असणं वेगळं आणि वेळेला आठवणं वेगळं. आमच्या माणदेशात पाणी आणायला जावं लागतं. ते आपल्या पायांनी चालत येतं, हे आमच्या रक्तातच नाही.

धावत जाऊन गाठ सोडायला लागलो. सुटते कसली! जेवढी ओढ तेवढी घट्ट, अशी ती खास गाठ मी कंपनीत छाती फुगवून शिकवतो. "सुरी आण, सुरी!" असा ओरडलो, तर सुनंदाने गडबडीत उलथनं आणून दिलं.

आणि कड्डाड!

मी आवळलेल्या बोल्टांपैकी एकही सुटला नाही हां, हे आवर्जून सांगतो. ते पत्र्यासकट उपटून आले. छत, पाईप, दोरी, सगळी वरात होडीमागे निघाली. होडी तिच्या नांगराभोवती ऐटीत फिरली आणि पाईपावर अण्णांचं धोतर झेंड्यासारखं फडफडायला लागलं.

काठावरच्या साऱ्या बाया टाळ्या पिटत होत्या. हिराबाय ओरडल्या, "तुला सांगितला ना, दुपारला सोड! ती तिची जाते!"

अण्णा नारळाच्या बर्मुडात स्तब्ध उभे. सुनंदा माझ्याकडे बघतेय. मी मनातल्या मनात गाडीला निरोप देऊन टाकला.

तेवढ्यात हिराबायचा मुलगा धर्मा छोटी होडी घेऊन काठाला आला. "चला बाबा, तुमचा धोतर आनू."

मला वाटलं अण्णा आता भडकणार. पण अण्णा चढले की हो होडीत! मी "अण्णा, जपून" म्हणेपर्यंत धर्माने वल्हं मारलंसुद्धा. परत आले तेव्हा वल्हं अण्णांच्या हातात होतं, ओल्या धोतराचा फेटा डोक्याला आणि चेहरा असा फुललेला की काय सांगू!

"सुनंदे, पाण्यावर बसून आलो गं! चहूकडं पाणी, आन मी मधी!"

उभा जन्म घागरी मोजणाऱ्या गावात काढलेला माणूस तो. त्यांचा तो आनंद बघून मला खरंच भरून आलं. छताचं दुःख क्षणभर विसरलो.

संध्याकाळी हिराबायने गरमागरम बोंबील तळून दिले. सगळे गाडीपाशी गोल करून बसलो. गाडीच्या अंगाला ही एवढाली भोकं पडलेली. सुनंदाने नेमका तोच मुहूर्त साधला.

"मग अण्णा? गाडी ठेवायची की काढायची?"

अण्णांनी शांतपणे बोंबील संपवला, हात पुसले आणि गाडीकडे बघितलं.

"ठेव. गाडीचा काय दोष? सकाळी जिथं लावली तिथंच गुमान उभी हाय बिचारी."

मी आनंदाने उडीच मारणार होतो. पण अण्णांची नजर आता माझ्यावर आली होती. त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं आणि लेकीला म्हणाले,

"काढायचंच असतं, तर दुसरं काढलं असतं. पण त्याला गिऱ्हाईक कोण मिळतंय?"