एका नमुन्याला दहा मिनिटं

त्या कागदावर मी खरं लिहिलं, एवढीच माझी चूक.

जळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका डाळमिलच्या नमुना खोलीत मी एकोणीस वर्षं काम करते. तुरीचे ट्रक येतात, पोत्यांतून मूठमूठ तूर काढून आमच्यापुढे थाळीत पसरतात, आणि माल घ्यायचा की परत पाठवायचा हे आम्ही सांगतो. ओल किती, खडे किती, डागी दाणा किती. मी थाळीवरून एकदा हात फिरवते, एक दाणा दाताखाली फोडते आणि सांगून टाकते. कपातला चहा बशीत ओतायला लागतो तेवढा वेळ.

गेल्या वर्षी खोलीचे प्रमुख निवृत्त झाले. त्यांची खुर्ची आता माझी, हे मिलमधल्या मांजरालाही माहीत होतं. पण छोटे मालक नुकतेच व्यवस्थापन शिकून आले होते. त्यांनी मानसशास्त्र शिकलेल्या एका मुलीला बोलावून आम्हा सगळ्यांची चाचणी घेतली. आधी लॅपटॉप. हिरवं वर्तुळ दिसलं की बटण दाबायचं, लाल दिसलं की हात आवरायचा. मग पिवळ्या अक्षरांत लिहिलेला ‘निळा’ हा शब्द. सांगायचा तो अक्षरांचा रंग. मला मजा आली. त्यानंतर प्रश्नांचा कागद. ‘मी विचार न करता बोलून जाते.’ मी ‘नेहमी’वर खूण केली. ‘मला रांगेत थांबवत नाही.’ नेहमी. कुणाला थांबवतं?

शेजारी नाना बसले होते. वयाने माझ्यापेक्षा मोठे, नोकरीत सात वर्षांनी लहान. त्यांच्या हातात थाळी गेली की ती खाली कधी येईल ते सांगता येत नाही. ते शांतपणे एकेका प्रश्नापुढे ‘कधीच नाही’ करत चालले होते.

“नाना, ‘रागाच्या भरात मी काहीही करून बसतो’ याच्यापुढेही ‘कधीच नाही’? मागच्या आठवड्यात भरितात तिखट जास्त झालं म्हणून डबा घरीच टाकून आलात ना?”

“ते घरचं झालं, ताई. तुम्ही जरा शांतपणे घ्या. परीक्षा आहे.”

आठ दिवसांनी छोट्या मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. “ताई, तुमचं काम चांगलंच आहे. पण रिपोर्टमध्ये तुमचा स्वभाव आवेगी आलाय. प्रमुखाला संयम लागतो.” खुर्ची नानांना मिळाली. मला लेखी सूचना मिळाली: ‘निर्णयापूर्वी थांबून विचार करावा.’

त्या मुलीला मी फाटकाजवळ गाठलं. बिचारी घाबरली. म्हणाली, “ताई, माणूस स्वतःला काय समजतो ते कागदावर कळतं. त्याचं डोकं कसं चालतं ते लॅपटॉपवर कळतं. चांगल्या धडधाकट माणसांतसुद्धा या दोन्हींचा मेळ बसेलच असं नाही. लॅपटॉपवर तुम्ही सगळ्यांत भरभर होतात आणि चुकाही कमी होत्या. दुसऱ्या पानावर लिहिलंय मी ते. मालकांशी बोलू का?”

“नको,” मी म्हटलं. “मी बघते.”

म्हणजे छोट्या मालकांनी पहिलं पान वाचून निकाल लावला होता, आणि आवेगी मी.

दुसऱ्या दिवशी ती सूचना मी टेबलासमोरच्या भिंतीला चिकटवली आणि मोबाइलवर दहा मिनिटांचा गजर लावला. एका नमुन्याला दहा मिनिटं. नानांना काही बोलता येईना, कारण दोन वर्षं ते मला हेच सांगत होते. हंगाम ऐन भरात होता. दुपारपर्यंत ट्रकची रांग फाटकाबाहेर रस्त्यावर गेली. साक्रीकडून आलेला एक ड्रायव्हर खिडकीशी येऊन उभा राहिला.

“अक्का, सकायपासून उभा शे मी. तूर पाही राहिनी का तिनी पत्रिका?”

मीही माहेरची साक्रीकडचीच. अहिराणीतच म्हटलं, “पत्रिकाच पाही राहिनू, भाऊ. मंगय निंघना ते परत धाडसू.”

मंगळ निघाला तर ट्रक परत, हे ऐकून तो हसला. मी हसले नाही. मला त्या रांगेचा एकेक ट्रक गोड लागत होता. सूड घ्यायला इतका वेळ हाताशी आहे, आणि तोही लेखी परवानगीने, असं रोज होत नाही.

तिसऱ्या दिवशी एका थाळीत वेळ काढायचा म्हणून मी भिंग घेतलं. दाणे टपोरे होते. दोन-तीन दाण्यांवर खसखशीहून बारीक पांढरे ठिपके दिसले. भुंग्याची अंडी. दाण्याला अजून भोक नाही, हाताला काही लागत नाही, दाताखालीही कळत नाही. महिनाभरात मात्र अख्खी थप्पी पोखरून निघाली असती. माल परत पाठवला. मग लक्षात आलं, याच व्यापाऱ्याची चाळीस पोती मागच्या आठवड्यात मीच घेतली होती. बशीत चहा ओतायच्या वेळात.

जेवणाच्या सुट्टीत गोदामात गेले, एक पोतं उसवलं. ठिपके होते.

अशा वेळी माणसाला पश्चात्ताप होतो म्हणतात. मला राग आला. त्या कागदाचा, नानांचा, आणि सगळ्यांत जास्त या गोष्टीचा की माझ्या चेष्टेच्या दहा मिनिटांना खरंच काही सापडलं होतं. हमालांना सांगून ती पोती वेगळी काढली, औषधवाल्याला बोलावून ताडपत्रीखाली किडीचं औषध ठेवायला लावलं आणि वहीत कारण लिहिलं: खबरदारी. टेबलाशी परत येऊन पुढच्या नमुन्याला गजर लावला.

पाचव्या दिवशी छोटे मालक स्वतः खोलीत आले. “ताई, मशीन थांबलंय. आत मालच नाही.”

“विचार करतेय.”

“पूर्वीसारखं करा ना.”

“तो आवेग झाला. तुमच्या रिपोर्टचं दुसरं पान आणा, मग बोलू.”

त्यांनी ते आणून उभ्या उभ्या वाचलं. मी थाळी हातात धरून दाणे सारत राहिले. वाचून झाल्यावर म्हणाले, “तुम्हाला काय हवंय?”

“खुर्ची. लेखी. आणि नाना वजनकाट्यावर.”

“त्यांना काय सांगू?”

“सांगा, काट्यावर संयम लागतो.”

जाता जाता ते दारात थांबले. “गोदामात ती ताडपत्री कशाची?”

खरं उत्तर जिभेवर आलं होतं. प्रश्न संपायच्या आत उत्तर देण्याची सवय मला जन्माची आहे. हातातली थाळी मी सावकाश खाली ठेवली.

“खबरदारी घेतली.”

“बघा, हे आवडलं मला,” ते म्हणाले आणि गेले.

आता प्रमुख मी आहे. नाना काट्यावर आहेत आणि काटा एकदम स्थिर झाल्याशिवाय आकडा लिहीत नाहीत, त्यामुळे ड्रायव्हर त्यांना शिव्या देतात. त्या मला खिडकीतून ऐकू येतात. बहुतेक नमुने मी पूर्वीसारखेच झटक्यात सांगते. फक्त प्रत्येक व्यापाऱ्याची पहिली थाळी भिंगाखाली घेते, पूर्ण दहा मिनिटं. काट्यावरून माझी खोली सरळ दिसते, म्हणून खिडकीला पडदा लावून घेतला आहे. उन्हाचा त्रास होतो, असं सांगितलंय.