लाल की हिरवी जमीन

बंगळूरला कॉलेजात असताना मी ज्या काकूंकडे राहत होतो, त्यांच्या स्वयंपाकघरात तो गवंडी एकदाच आला. सागवानी कपाटं आणि काळ्या कडप्प्याचा ओटा यांना शोभेल असा जमिनीचा रंग ठरवायचा होता. लाल आणि हिरव्या सिमेंटचे तुकडे तो कपाटाशी धरी आणि मान तिरकी करून पाही.

“लालच सरी, बरोबर दिसतंय, अक्का,” तो काकूंना कानडी मिसळलेल्या मराठीत म्हणाला. मग माझ्याकडे वळला. “अण्णा, तुमच्या घरी कसली जमीन?”

काकू ऐकत होत्या. “मोझॅकची,” मी म्हणालो. गावी आई शेणाने सारवते.

“आमच्यात शेणाचीच. बायको काय झकास सारवते!” तो हसला. “पण मोझॅक थंडीत पायाला गार लागतंय काय हो?”

तो मनापासून विचारत होता.

“स्वल्प, थोडंसं,” मी त्याच्यासारखंच कानडी मिसळून म्हणालो, आणि त्याने तेही खरं मानलं.